दुचाकीचे वळण : धाडस नव्हे, सराव

परभणी जिल्ह्याचा बराचसा भाग गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील सपाट, काळ्या जमिनीचा आहे. उत्तरेस जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या आणि दक्षिणेस गंगाखेडच्या बाजूस बालाघाटच्या डोंगररांगा लागल्या की रस्त्याचे रूप बदलते. सपाटीवर कित्येक किलोमीटर एकाच वेगाने आलेला दुचाकीस्वार अशा वळणावर गोंधळतो. तो हँडल ताठ धरतो, ऐनवेळी ब्रेक दाबतो आणि समोरून येणाऱ्या वाहनाच्या मार्गात जातो. या चुकीचे मूळ धाडसाच्या अभावात नसून सवयीच्या अभावात आहे.

वेगाचे गणित

वळणावर दुचाकीचा तोल झुकण्याने सांभाळला जातो. ३० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ४० किलोमीटर वेगाने घेताना सुमारे २३ अंश झुकावे लागते. हाच वेग ६० झाल्यास कोन ४३ अंशांच्या आसपास जातो. वेग दीडपट झाला, तर टायरवरील ताण सव्वादोन पट होतो. टायरची पकड मर्यादित असते. तीच पकड ब्रेक आणि वळण या दोहोंत वाटली जात असल्याने झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक जोरात दाबणे घातक ठरते. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. मात्र साधी एबीएस यंत्रणा झुकलेल्या गाडीची घसरण रोखेलच, असे नाही. म्हणून वेग वळणापूर्वी, गाडी सरळ असतानाच कमी करावा, योग्य गिअर टाकावा आणि वळणात अॅक्सिलरेटर हलका व स्थिर ठेवावा.

नजर आणि हँडल

गाडी नजरेमागे जाते. खड्ड्याकडे पाहणारा खड्ड्यातच जातो. त्यामुळे वळणात शिरताना मान वळवून रस्ता जेथे दिसेनासा होतो, तेथे नजर ठेवावी.

दुसरी बाब अनेकांना विचित्र वाटते. डावीकडे झुकायचे असल्यास डावी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते, उजवीकडे झुकायचे असल्यास उजवी. विमानाचे जनक विल्बर राईट हे मूळचे सायकल व्यावसायिक. आपण डावीकडे कसे वळतो, हे पहिल्याच प्रश्नात अचूक सांगणारा एकही सायकलस्वार आढळला नाही, असे त्यांनी नमूद केले होते. शरीर ही क्रिया नकळत करीत असते. ती जाणीवपूर्वक केल्यास ऐनवेळी गाडी वळतच नाही, ही भीती उरत नाही.

डावे आणि उजवे वळण

आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. डाव्या वळणावर वेग जास्त झाल्यास गाडी उजवीकडे, म्हणजे समोरच्या वाहनांच्या बाजूस जाते. उजव्या वळणावर ती रस्त्याच्या कडेला उतरते, तसेच झुकलेल्या चालकाचे डोके मध्यरेषेपलीकडे जाण्याचा धोका असतो. दोन्ही वेळी आपल्याच बाजूच्या बाहेरील भागातून शिरावे, वळणाचा शेवट दिसेपर्यंत आत येण्याची घाई करू नये. मध्यरेषेपासून अंतर मात्र राखावे.

सराव कसा करावा

परवान्याच्या चाचणीसाठी आठचा आकडा शिकला जातो आणि परवाना हाती पडताच विसरला जातो. खरा सराव तेथूनच सुरू व्हायला हवा. रिकाम्या, कोरड्या मैदानावर पाण्याच्या बाटल्या मांडून प्रथम मोठे वर्तुळ, मग आठचा आकडा काढावा. डाव्या व उजव्या बाजूंना सारखाच वेळ द्यावा, कारण बहुतेकांची एक बाजू कच्ची असते. त्यानंतर ठरावीक खुणेपूर्वी वेग कमी करून वळण घेण्याचा सराव करावा. हे सहज जमू लागल्यावरच सकाळच्या कमी वर्दळीत ओळखीच्या वळणाकडे जावे. मान आखडली, मुठी आवळल्या की वेग आपल्या आवाक्याबाहेर गेला, असे समजावे. हेल्मेट, हातमोजे आणि टायरमधील योग्य हवा सरावातही आवश्यक आहे.

ऋतू आणि ओझे

पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येणारा काळ्या मातीचा चिखल, सुगीत मळणीसाठी रस्त्यावर पसरलेले धान्य आणि गळीत हंगामातील उसाच्या ट्रॉल्या यांमुळे काल सोपे असलेले वळण आज निसरडे असू शकते. मागे माणूस किंवा ओझे असल्यास गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. मागे बसणाऱ्याने चालकाबरोबरच झुकावे, उलट दिशेने नव्हे.

कसलेला चालक वळणातून किती वेगाने बाहेर पडला, यावरून ओळखू येत नाही. वळणापलीकडे बैलगाडी उभी असली, तरी आपल्याच बाजूस थांबण्याइतका वेग ज्याच्या हाती असतो, तोच खरा कसलेला.