कारागिरांच्या तोंडचें ज्ञान

जुना मिस्त्री काम सोडून गेला कीं त्याच्याबरोबर काय गेलें, तें कारखान्याला पुढच्या बिघाडाच्या वेळीं कळतें. हें तोंडचें ज्ञान संगणकांत कसें सांठवावें, या प्रश्नाचें एक उत्तर अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीला सापडलें. पण तें संगणकशास्त्रज्ञांच्या अपेक्षेहून निराळें होतें.

कंपनीचीं छायाप्रती काढणारीं यंत्रें कचेऱ्याकचेऱ्यांतून असत. एखादें बिघडलें म्हणजे तंत्रज्ञ बहुधा एकटाच जाई. हातांत कंपनीचें दुरुस्तीचें पुस्तक. १९८० नंतरच्या दशकांत ज्युलियन ऑर हे मानवशास्त्रज्ञ या लोकांबरोबर हिंडले. त्यांना आढळलें तें असें कीं, पुस्तकांत न बसणारा बिघाड आला म्हणजे दोघे तंत्रज्ञ यंत्रापुढें बसून पूर्वीच्या बिघाडांच्या हकीकती तासन्‌तास एकमेकांना सांगत, आणि त्यांतूनच कारण हातीं लागे. न्याहारीच्या टेबलावरहि हाच विषय! वरिष्ठांच्या हिशेबीं या निव्वळ गप्पा ठरावयाच्या. ऑर यांचें पुस्तक १९९६ सालीं प्रसिद्ध झालें.

ऑर ज्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत होते, तेथील शास्त्रज्ञांनीं बिघाडाचें निदान करणारी एक बुद्धिमान संगणकप्रणाली रचली. तंत्रज्ञांना तिचें फारसें अप्रूप वाटलें नाहीं. पुस्तकांतलें त्यांना ठाऊकच होतें. हवें होतें तें पुस्तकांत नसलेलें. मग शास्त्रज्ञांनीं आपला हेका सोडला (ही गोष्ट विद्वानांच्या हातून क्वचितच घडते) आणि १९९० नंतरच्या दशकांत, आरंभीं फ्रान्समध्यें, ‘युरेका’ ही साधी योजना उभी राहिली. तेथें घरोघरीं असलेल्या ‘मिनिटेल’ यंत्रांचा तींत उपयोग झाला. तंत्रज्ञानें लक्षण, कारण व उपाय लिहावा. अनुभवी सहकाऱ्यांनीं तो पारखावा. मगच तो सर्वांपुढें यावा, आणि त्याखालीं लिहिणाऱ्याचें नांव असावें. पैशाच्या बक्षिसाचाहि विचार झाला होता. तंत्रज्ञांना नांवच पुरेसें वाटलें. माझ्या मतें सारी योजना तरली ती येथें. पैसा ठेवला असता तर टिपांची संख्या फुगली असती, आणि पारखणाऱ्यांवर रुसवेफुगवे ओढवले असते.

पुढें ही पद्धत कॅनडा, अमेरिका आणि इतर देशांत गेली. ब्राझीलमधील एका तंत्रज्ञानें हैराण होऊन सुमारें ४०,००० डॉलरचें रंगीत यंत्र बदलून द्यावयाचें ठरविलें होतें. तेवढ्यांत माँट्रियलच्या एका तंत्रज्ञाची टीप त्याच्या पाहण्यांत आली. दोष एका क्षुल्लक किमतीच्या भागांत होता. तो बदलला, आणि यंत्र चालूं लागलें.