पुढे धावणाऱ्याचे ऋण

शर्यतीत जो पुढे असतो त्याचीच सरशी होते, असे आपण सहज म्हणतो. शंभर मीटरांच्या धावेपुरते ते खरेही आहे. परंतु आठशे मीटर, पंधराशे मीटर आणि एक मैल या मध्यम पल्ल्याच्या शर्यतींचा इतिहास पाहू लागले म्हणजे हा समज डळमळू लागतो. येथे आरंभापासून आघाडी धरणारा पुष्कळदा शेवटच्या वळणाशी मागे पडतो, आणि त्याच्या पाठीशी राहून धावणारा यश घेऊन जातो. असे असूनही प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी हा तोट्याचा मार्ग जाणूनबुजून पत्करतोच. तो का पत्करतो, आणि त्याच्या पत्करण्याने इतरांस काय लाभते, हे पाहण्याजोगे आहे.

प्रथम तोटा कोणता ते पाहू. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर गेलेले शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी १९७१ साली या विषयावरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. मध्यम पल्ल्याच्या वेगाने धावताना खर्ची पडणाऱ्या एकंदर शक्तीपैकी सुमारे ७.५ टक्के शक्ती केवळ हवेचा अवरोध सारण्यात जाते. दुसऱ्या धावपटूच्या मागे एक मीटर अंतरावर राहिल्यास हा अवरोध जवळजवळ नाहीसा होतो व प्राणवायूचा खप ६.५ टक्क्यांनी घटतो, असे त्यांस आढळले. शिवाय मागच्यास पुढचा दिसतो, पुढच्यास मागचा दिसत नाही. पालखीपुढे दिवटी धरून चालणाऱ्याची जी स्थिती, तीच याची. धग त्याच्या तोंडाला आणि उजेड मागून येणाऱ्यांच्या पायांना!

मग पुढे धावावे कोणी? ज्याच्या पायांत अखेरच्या शंभर-दोनशे मीटरांची झेप नाही, त्याने. प्रतिस्पर्ध्याची झेप शेवटास बाहेर पडण्यापूर्वीच ती वेगाच्या माऱ्याने थकवून टाकणे, एवढा एकच उपाय त्याच्यापाशी असतो. ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी हा या पंथाचा मोठा प्रतिनिधी होय. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे रॉजर बॅनिस्टरने एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत धावून चार मिनिटांची मर्यादा प्रथम ओलांडली, तेव्हा ब्रॅशर व चॅटवे या दोघा सहकाऱ्यांनी आळीपाळीने पुढे राहून त्यास वेग पुरविला होता. त्यानंतर ४६ दिवसांनी फिनलंडमधील तुर्कू येथे लँडीने ३ मिनिटे ५८ सेकंदांचा नवा उच्चांक केला.

हे दोघे ७ ऑगस्ट १९५४ रोजी कॅनडातील व्हँकूव्हर येथे, राष्ट्रकुलाच्या क्रीडास्पर्धेत, समोरासमोर आले. बॅनिस्टरची अखेरची झेप जबर आहे, हे लँडी जाणून होता. म्हणून त्याने लवकरच आघाडी घेतली आणि वेग असा ठेवला की एका वेळी दोघांत सुमारे १५ यार्डांचे अंतर पडले. बॅनिस्टरने ते हळूहळू भरून काढले. शेवटच्या वळणावर लँडीने डाव्या खांद्यावरून मागे पाहिले, आणि नेमक्या त्याच क्षणी बॅनिस्टर उजवीकडून पुढे निघून गेला. बॅनिस्टर ३ मिनिटे ५८.८ सेकंद, लँडी ३ मिनिटे ५९.६ सेकंद. लँडीने वळून पाहिले म्हणून तो हरला, असे लोक म्हणत आले. मला ते पटत नाही. बॅनिस्टरची झेप तोवर सुरू झालेलीच होती. वळून पाहणे हे हरण्याचे कारण नव्हते, मागचे न दिसणे हा जो पुढे धावणाऱ्याचा जन्मजात तोटा, त्याचेच ते दर्शन होते. एकाच शर्यतीत दोघे जण चार मिनिटांच्या आत आल्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि तो वेग लँडीचा होता, हे मात्र विसरले जाते.

हा मार्ग नेहमीच पराभवाकडे नेतो असेही नाही. २ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे टांझानियाचा फिलबर्ट बायी पंधराशे मीटरांच्या अंतिम शर्यतीत आरंभीच निसटला आणि शेवटपर्यंत कोणाच्या हाती लागला नाही. यजमान देशाच्या जॉन वॉकरने अखेरीस त्यास जवळजवळ गाठले होते. बायीने ३ मिनिटे ३२.२ सेकंदांचा जागतिक उच्चांक केला. पण हरलेला वॉकरही ३ मिनिटे ३२.५ सेकंदांत, म्हणजे जुन्या उच्चांकाच्या आतच पोहोचला होता.

पुढे राहण्याची याहून निराळी अशीही एक रीत आहे. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मॅथ्यू सेंट्रोविट्झने बहुतेक सारी शर्यत आघाडीवर राहून, पण वेग मुद्दाम मंद ठेवून काढली आणि शेवटच्या फेरीत लगाम सोडला. पंधराशे मीटरांस त्यास ३ मिनिटे ५० सेकंद लागले. १९३२ नंतरच्या कोणत्याही ऑलिंपिक विजेत्याहून हा वेळ अधिक होता. डावपेच म्हणून त्यास नावे ठेवता येणार नाहीत. परंतु असा नायक केवळ आपल्यापुरते पाहतो. लँडी व बायी यांच्या पुढे धावण्याने मागच्यांचीही शक्ती कसास लागली.

या दृष्टीने आपल्या देशातील एक नाव अवश्य स्मरले पाहिजे. १९७६ साली माँट्रिऑल ऑलिंपिकच्या आठशे मीटरांच्या अंतिम शर्यतीत राजपुताना रायफल्सचे श्रीराम सिंग यांनी आघाडी घेतली आणि पहिली फेरी ५०.८५ सेकंदांत पुरी केली. दुसऱ्या फेरीत क्यूबाचा अल्बर्टो हुआन्तोरेना पुढे झाला व १ मिनिट ४३.५० सेकंदांत जागतिक उच्चांक करून जिंकला. श्रीराम सिंग सातवे आले. पण त्यांची १ मिनिट ४५.७७ सेकंदांची वेळ हा भारतीय उच्चांक ठरला, आणि तो मोडण्यास २०१८ साल उजाडावे लागले. बेचाळीस वर्षे! सातव्या क्रमांकाचे हे मोल पदकांच्या यादीत कोठेही नोंदलेले नाही.

२०१२ साली लंडन येथे केनियाच्या डेव्हिड रुडिशाने आठशे मीटरांची अंतिम शर्यत कोणाच्याही साहाय्यावाचून, प्रथमपासून शेवटपर्यंत पुढे राहून १ मिनिट ४०.९१ सेकंदांत जिंकली. तो जागतिक उच्चांक होताच. पण त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, आठवा, म्हणजे अगदी अखेरचा, आलेला धावपटू १ मिनिट ४३.७७ सेकंदांत पोहोचला. त्यापूर्वीच्या तीन ऑलिंपिक स्पर्धांत एवढ्या वेळात सुवर्णपदक मिळाले असते.

तेव्हा शर्यतीचा निकाल वाचताना केवळ पहिले नाव पाहून थांबू नये. हा वेग प्रथम कोणी उभा केला, समोरचा वारा कोणी अंगावर घेतला, हेही विचारावे. त्याचे उत्तर कधी पहिल्या ओळीत सापडेल, कधी दुसऱ्या, तर कधी सातव्या. ते जेथे सापडेल तेथे त्या नावाचे ऋण मान्य करणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.