प्रतिजन

प्रतिजन (अँटिजेन) : शरीराच्या प्रतिकारसंस्थेतील बी किंवा टी पेशी ज्याला नेमके ओळखून चिकटतात तो रेणू. बहुतेक प्रतिजन प्रथिने किंवा बहुशर्करा असतात. जिवाणूचे कवच, विषाणूवरील प्रथिने, परागकण, दुसऱ्याच्या तांबड्या पेशी या सर्वांवर ते आढळतात. पेनिसिलिनसारखा लहान रेणू एकट्याने प्रतिसाद जागवत नाही. तो शरीरातील प्रथिनाला जोडला गेला की मगच त्याची ॲलर्जी उद्भवू शकते. अशा अपुऱ्या प्रतिजनाला हॅप्टेन म्हणतात.

ओळख पटते ती प्रतिजनाच्या एका लहानशा भागाची, एपिटोपची. बी पेशी तो मूळ आकारातच ओळखते. टी पेशीला मात्र प्रतिजन सहसा तुकडे करूनच दाखवावा लागतो. त्वचेतील डेंड्रायटिक पेशी तो गिळतात आणि त्याचे तुकडे आपल्या पृष्ठभागावरील एचएलए रेणूंवर बसवून लसीका ग्रंथीत टी पेशींपुढे धरतात. तुकडा जुळलेली टी पेशी वाढते व त्याच प्रतिजनाने जाग्या झालेल्या बी पेशीला मदत करते. त्यातून प्रतिपिंडे (प्रतिजनाला चिकटणारी प्रथिने) स्रवणाऱ्या पेशी आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मृतिपेशी तयार होतात. पहिल्या वेळी प्रतिपिंडे दिसायला साधारण आठवडा लागतो. दुसऱ्या वेळी ती लवकर आणि पुष्कळ येतात. लसीकरणाचा आधार हाच.

प्रतिसाद उठेल की नाही, हे केवळ रेणूच्या रचनेवर ठरत नाही. तो कोणाच्या शरीरात शिरला यावरही ठरते. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये मांडलेले रक्तगट हा याचा ठळक पुरावा. तांबड्या पेशींवरील एच या शर्करासाखळीला एक विशिष्ट शर्करा जोडली की ए प्रतिजन होतो, दुसरी जोडली की बी. ओ गटात नुसता एच राहतो. यांपैकी जो प्रतिजन स्वतःत नाही, त्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्त न घेताही बालपणीच तयार होतात, कारण आतड्यातील जिवाणूंवर तशाच शर्करा असतात.

मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवलेला ‘बॉम्बे रक्तगट’ याहून बोलका आहे. या व्यक्तींच्या पेशींवर एचसुद्धा नसतो. त्यामुळे सर्वांना चालते असे मानले जाणारे ओ रक्तही त्यांना परके ठरते. ते चढवल्यास तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात आणि जीव धोक्यात येतो. त्यांचे रक्त ए व बी यांविरुद्धच्या प्रतिपिंडांशी गुठळत नाही, म्हणून तेवढ्याच चाचणीत ते ओ भासते. त्यांचा रक्तद्रव ओ पेशींशी मिसळून पाहिल्यावर पेशी एकमेकींना चिकटतात आणि खरा गट उघड होतो. ही उलट चाचणी टाळणे अक्षम्य आहे. अशा रुग्णासाठी दाता शोधताना आधी सख्ख्या भावंडांची तपासणी करतात. आईवडील दोघेही केवळ वाहक असतील, तर प्रत्येक भावंडात हा गट असण्याची शक्यता चारात एक असते.