दिलेला शब्द

गांधीजींच्या हत्येचा विषय निघाला, की आमच्या कचेरीतील एखादा उत्तर हिंदुस्थानी स्नेही हसत हसत विचारतो, तो तुमच्याकडचाच ना? विचारण्यात द्वेष नसतो. परंतु आपण मराठी माणसे अशा वेळी फायलीत डोके घालतो. मीही घालतो. त्या प्रश्नाला द्यावयाचे उत्तर मुनिरक्याच्या दक्षिणेस, गुरगाव-सोहन्यापलीकडे अलवरच्या रस्त्यावर असलेल्या एका गावाच्या इतिहासात आहे, हे मला फार उशिरा कळले.

त्या गावाचे नाव घासेडा. १९४७ साली अलवर व भरतपूर संस्थानांतून मेव मुसलमानांची कत्तल व हकालपट्टी झाली. जीव वाचवून निघालेले हजारो लोक गुरगाव जिल्ह्यात येऊन पडले. पुढचा रस्ता पाकिस्तानचा. त्यांच्यासमोर १९ डिसेंबर १९४७ रोजी गांधीजी घासेड्यास उभे राहिले. पूर्व पंजाबचे मुख्यमंत्री गोपीचंद भार्गव सोबत होते. हा देश सोडून जाऊ नका, असे गांधीजींनी सांगितले. आणि त्याच भाषणात, आपल्या शब्दाला पूर्वीचे वजन राहिलेले नाही, हेही कबूल केले. मला या कबुलीचे नेहमी नवल वाटते. हुंडी वटेल की नाही याची खात्री नाही असे स्वतःच सांगून त्या वृद्धाने ती लिहून दिली, आणि निर्वासितांनी ती घेतली!

त्यानंतर बेचाळीसाव्या दिवशी, ३० जानेवारी १९४८ रोजी, हुंडी लिहिणाराच गेला. मारणारा पुण्यातील एका मराठी वृत्तपत्राचा संपादक होता. ते पत्र प्रथम ‘अग्रणी’ व पुढे ‘हिंदुराष्ट्र’ या नावाने निघे. पिस्तूल एका सायंकाळचे. अग्रलेख मात्र काही वर्षांचे होते. ते वाचणाऱ्या शेकडो घरांतून कोणी शस्त्र उचलले नाही हे खरे. पण शब्द कोठे जाऊन रुजेल याचा हिशेब लिहिणाराजवळ राहत नाही. पुढच्याच आठवड्यात सातारा, कोल्हापूर, सांगली या भागांत ब्राह्मणांची घरे जळाली. तेथे तर अग्रलेखाचीही गरज लागली नाही, आडनाव पुरले. द्वेषाच्या बोलण्याला धनी लागत नाही. ते तोंडातून तोंडात आपोआप चालते.

आश्वासनाचे तसे नसते. त्याला धनी लागतो, आणि घासेड्याच्या आश्वासनाचा धनी तर राजघाटावर राख झाला होता. मेवांनी आता कोणाकडे पाहावे?

त्या वसंतात नेहरूंच्या विनंतीवरून विनोबा पवनार सोडून दिल्लीस आले. कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचा हा मनुष्य. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली कैद्यांपुढे गीतेवर बोलला तेव्हा साने गुरुजींनी ती प्रवचने टिपून घेतली, म्हणून आपल्या घराघरांत पोचलेला. त्याने प्रथम निर्वासितांच्या छावण्या पाहिल्या, मग मेवातची वाट धरली. उजाड झालेल्या मेवांना त्यांच्या गावी, त्यांच्या जमिनीवर पुन्हा बसवायचे, हे काम. ते काम भाषणाचे कमी आणि कचेरीचे अधिक होते, असे आपल्यासारख्या कारकुनाला वाटल्यावाचून राहत नाही. कोणाची जमीन कोणाच्या ताब्यात गेली, कोणता हुकूम निघाला, कोणता अडला, याचा पाठपुरावा केल्यावाचून गांधीजींच्या त्या एका वाक्याला अर्थ उरला नसता. विनोबांनी दिलेला शब्द दुसऱ्याचा होता. निभावण्याची चाकरी मात्र त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. भूदानाने ते जगाला माहीत झाले ते १९५१ नंतर. मेवातची ही हकीकत त्या प्रकाशात काहीशी झाकून गेली.

सगळे मेव परतले नाहीत. पुष्कळ जण सीमेपलीकडे गेले ते गेलेच. जे राहिले त्यांची नातवंडे-पतवंडे तेथे नांदत आहेत, आणि १९ डिसेंबर हा दिवस ती मेवात दिन म्हणून पाळतात. त्याच मुलखात, नूह येथे, २०२३ च्या ३१ जुलैला दंगल उसळली. त्याआधी काही दिवस चिथावणीच्या चित्रफिती हातोहात फिरत होत्या.

परवा कचेरीत तोच प्रश्न पुन्हा निघाला. या वेळी मी फाईल मिटली. होय म्हटले, आमच्याकडचाच; आणि घासेड्याचे पुढचे काम करावयास आलेला तोही आमच्याकडचाच. स्नेह्याने घासेडा कोठे आहे असे विचारले. मी रस्ता सांगितला. मुनिरक्यात इतकी वर्षे राहून मी स्वतः तेथे गेलेलो नाही, हे मात्र सांगितले नाही.