म्हैसूरच्या जावाचं काय बदलायचं, काय राखायचं

जुन्या जावाला किक आणि गिअर यांचा दांडा एकच. गिअरचा दांडा आत ढकलून मागं वळवला की त्याची किक होते. इंजिन सुरू झालं की तोच पुढं येऊन पुन्हा गिअर टाकतो. शिवाय तो दाबला जाताना क्लच आपोआप सुटतो. पन्नास-साठ वर्षं एवढी कामं केल्यावर या दांड्याचे आतले दाते झिजतात आणि किक निसटू लागते. गाडी दुरुस्तीला काढणाऱ्यासमोर पहिला प्रश्न इथंच येतो. नवा दांडा बसवायचा, की जुन्यालाच धातू भरून दाते पाडायचे?

उत्तर शोधताना आधी या गाडीत अस्सल म्हणायचं कशाला, ते पाहावं लागतं. 1929 मध्ये प्रागच्या फ्रांतिशेक जानेचेक यांनी वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकलच्या उत्पादनाचे हक्क घेतले. दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून ‘जावा’ तयार झालं. भारतात ही गाडी आधी आयात होऊन येई. आयातीवर निर्बंध आल्यावर मुंबईचे रुस्तम इराणी यांनी फारोख इराणी यांच्यासह म्हैसूरला ‘आयडियल जावा’ उभी केली. कारखान्याचं उद्घाटन म्हैसूरचे तेव्हाचे राज्यपाल जयचामराजेंद्र वडियार यांनी केलं आणि 1961 मध्ये म्हैसूरची जावा रस्त्यावर आली.

सुरुवातीला चेकोस्लोव्हाकियातून आलेले सुटे भाग इथं जोडले जात. मग एकेक भाग भारतात बनू लागला. त्यामुळं म्हैसूरच्या सुरुवातीच्या गाडीवर चेक बनावटीचा यिकोव्ह कार्ब्युरेटर असणं जितकं खरं, तितकंच नंतरच्या गाडीवर देशी भाग असणंही खरं. 1973 पासून हाच कारखाना ‘येझदी’ नावानं गाड्या काढू लागला आणि 1996 मध्ये तो बंद पडला. म्हैसूरच्या 1965 च्या गाडीवर हौसेनं प्रागचे भाग शोधून चढवले, तर ती जास्त अस्सल होत नाही. तिचा स्वतःचा इतिहास मात्र पुसला जातो.

म्हणून जाणकार मेकॅनिक गाडी खोलताना भागांचे मनातल्या मनात दोन ढीग करतो.

पहिल्या ढिगात झिजण्यासाठीच बनवलेले भाग येतात. टायर, ट्यूब, ऑइल सील, बेअरिंग, केबली, चेन, क्लचच्या प्लेटा. त्यांच्याबद्दल हळवं होण्यात अर्थ नाही. कडक झालेल्या सीलमधून हवा आत शिरली की टू-स्ट्रोक इंजिनातलं मिश्रण बिघडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. ते कोरडं घासून त्याची धूळ उडवणं छातीला घातक आहे. हे भाग बदलावेतच.

दुसऱ्या ढिगात गाडीची ओळख सांगणारे भाग. चेसिसची फ्रेम, क्रँककेस, टाकी, मडगार्ड, स्पीडोमीटर सामावून घेणारा हेडलाइटचा टोप. क्रँककेसवरचा आणि हँडलच्या मानेजवळ पंच केलेला नंबर आरसी बुकाशी जुळला, तर ती गाडी तीच. गंजलेली फ्रेम घासताना पॉलिशवाल्याच्या हातून हा पंच पुसट झाला, तर तो पुन्हा आणता येत नाही.

या दोन ढिगांच्या मधोमध सिलिंडर असतो. 250 सीसी जावाचा बोअर 65 मिलिमीटर आणि स्ट्रोक 75. सिलिंडर झिजला की लेथवर बोअर मारून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घालतात. एकदा खरवडलेलं लोखंड परत येत नाही, आणि किती वेळा बोअर मारता येईल यालाही मर्यादा असते. शेवटच्या मापापर्यंत पोचलेला सिलिंडर बरेच जण भंगारात देतात. त्यात नवं स्लीव्ह ठोकून मूळ मापाला आणलं, तर बाहेरचं पंखांचं ओतकाम तेच राहतं. हे काम जमणारा टर्नर सापडणं, हेच आता सगळ्यांत मोठं भाग्य.

रंगाच्या बाबतीत मोह जास्त होतो. टाकीच्या दोन्ही बाजूंचं क्रोम डागाळलेलं, मरून रंग फिकट, हातानं ओढलेल्या सोनेरी रेघा तुटक. सगळं खरवडून चकचकीत करावंसं वाटतं. पण हातानं ओढलेली ती रेघ एकदा गेली की गेली. पत्रा भक्कम असेल, तर आतून टाकी साफ करून बाहेर फक्त मेण लावणं पुरतं.

जुन्या वाहनांच्या जगभरच्या चाहत्यांच्या ‘फिव्हा’ या महासंघानं स्वीकारलेला ट्युरिनचा जाहीरनामा हेच सांगतो. बदल शक्यतो मागं घेता येण्यासारखा असावा आणि काढलेला महत्त्वाचा मूळ भाग गाडीसोबत जपावा. आपल्याकडं 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा नंबर देऊ केला. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्याची अट आहे.

सहा व्होल्टचा मंद दिवा रात्रीच्या रस्त्यावर पुरत नाही, म्हणून कोणी बारा व्होल्टची वायरिंग करतं, कोणी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतं. फ्रेमला नवं भोक न पाडता केलं, तर ते उद्या काढता येतं. काढलेले पॉइंट, कॉइल आणि जुना डायनॅमो ग्रीस लावून, कापडात गुंडाळून एका डब्यात ठेवायचे, आणि गाडी पुढच्या हाती जाईल तेव्हा आरसी बुकाबरोबर तो डबाही द्यायचा.