न्यूलिनचे कोळी आणि चित्रकार

कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील न्यूलिन हें कोळ्यांचें गांव. १८८४ सालीं स्टॅनहोप फोर्ब्स तेथें आला आणि भर पुळणीवर त्यानें मासळीचा लिलाव रंगविला. तें चित्र १८८५ त लंडनच्या रॉयल अकॅडमींत लागलें. फ्रँक ब्रॅम्लेच्या १८८८ मधील चित्रांत उजाडलें आहे, पण नाव परतलेली नाहीं. तरुण स्त्री म्हातारीच्या मांडीवर कोसळली आहे. समुद्राचा हा कोप प्रेक्षकांस चटकन भिडतो. बाजाराचा कोप मात्र चित्रांत मावत नाहीं. परगांवच्या बोटी रविवारींहि मासळी धरून भाव पाडीत. रविवारीं समुद्रावर न जाणाऱ्या न्यूलिनकरांनीं १८९६ च्या मे महिन्यांत त्यांची मासळी पाण्यांत फेंकली, आणि बंदोबस्तास सैनिक आले. लिलावाच्या चित्रापुढें हें आठवावें. मग त्या शांत पुळणीवरील चेहरे निराळे दिसूं लागतात.