हळद, नीरब्राह्मी आणि फळमाशी

कीडनाशक मिसळलेल्या खाद्यात हळदीतले कुरकुमिन किंवा नीरब्राह्मीची पूड घातली, तर फळमाश्या कमी मरतात आणि त्यांच्या हालचाली बऱ्याच अंशी शाबूत राहतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठाला हा विषय दोन्ही बाजूंनी जवळचा आहे. हळद इथली, आणि द्राक्षबागांवरची फवारणीही इथलीच.

इथे अभिप्रेत असलेली माशी आंबा-पेरूत अंडी घालणारी आणि कामगंध सापळ्यात अडकणारी फळमाशी नव्हे. पिकल्या केळ्यांभोवती जमणारे, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचे चिलट म्हणजे ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. २५ अंश सेल्सियस तापमानात अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला सुमारे दहा दिवस पुरतात. माणसाच्या रोगांशी निगडित जनुकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जनुकांशी मिळतीजुळती जनुके तिच्यात सापडतात. म्हणून विषाचा चेतासंस्थेवर काय परिणाम होतो हे पाहायला ती सोयीची ठरते.

त्यासाठीची एक चाचणी अगदी साधी आहे. काचेच्या उभ्या नळीत माश्या सोडतात आणि नळी हलकेच आपटून त्यांना तळाशी पाडतात. निरोगी माशी उपजत ओढीने लगेच भिंतीवरून वर चढू लागते. ठरावीक सेकंदांत किती माश्यांनी खुणेची रेघ ओलांडली, ते मोजतात. रोटेनोन हे कीडनाशक खाल्लेल्या माश्या मात्र तळाशीच घोटाळतात; काही चढू पाहतात आणि अर्ध्यावरून घसरतात. माणसातल्या कंपवाताशी या लक्षणांचे साम्य आहे, आणि दोन्हीकडे मेंदूतले डोपामिन घटलेले असते.

मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत रविकुमार होसमनी आणि मुरलीधर यांनी २००९ मध्ये हाच प्रयोग नीरब्राह्मी घेऊन केला. पाणथळ जागी जमिनीलगत पसरणारी ही वनस्पती. तिची पूड रोटेनोनसोबत खाद्यातून मिळालेल्या माश्यांना मृत्यूपासून ४० ते ६६ टक्के संरक्षण मिळाले, आणि चढण्याच्या चाचणीतही त्या सरस ठरल्या. पॅराक्वाट या तणनाशकाविरुद्धही पुडीचा उपयोग दिसला. विशेष म्हणजे रोटेनोन हे विषही वनस्पतीचेच. डेरिस या वेलीच्या मुळांत ते सापडते. वनस्पतिजन्य ते निर्धोक, ही समजूत इथेच खोटी ठरते.

हे घडते कसे? रोटेनोन पेशीतल्या तंतुकणिकांमधील ऊर्जानिर्मितीची साखळी पहिल्याच टप्प्यावर अडवते. पॅराक्वाट पेशीत शिरून ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू तयार करत राहते. वनस्पतींतील पॉलिफेनॉलसारखी संयुगे यांतले काही रेणू थेट निष्प्रभ करतात. पण त्यांचे अधिक महत्त्वाचे काम म्हणजे पेशीची स्वतःची संरक्षण-यंत्रणा जागी करणे. मग ग्लुटाथिओन वाढते, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आणि कॅटलेज ही विकरे जोमाने कामाला लागतात.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कसबे डिग्रजला हळद संशोधन केंद्र आहे, आणि हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे साठवली जात असे. या हळदीला पिवळा रंग देणारे कुरकुमिन फळमाशीवरही तपासले गेले आहे, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष सावध करणारा आहे. नागालँड विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की पॅराक्वाट दिलेल्या तरुण माश्यांना कुरकुमिनने सावरले. वय उलटू लागलेल्या माश्यांवर मात्र त्याचा तसा गुण आला नाही. एकच संयुग, एकच विष, तरी वय बदलले की फळ बदलते.

कीटकांच्या बाबतीत या विषयाला दुसरीही बाजू आहे, आणि ती साताऱ्याच्या डोंगरांत विशेष लागू पडते. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. मध आणि परागकणांत असणारे पॅरा-कुमारिक आम्ल मधमाशीची विष पचवणारी जनुके जागी करते, असे अमेरिकेतील मे बेरेनबाम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले. याचा अर्थ असा, की मध काढून घेऊन मधमाश्यांना नुसत्या साखरेच्या पाकावर ठेवले, तर कीडनाशकांशी झुंजण्याची त्यांची एक ताकद कमी होऊ शकते. वनस्पतींच्या रसायनांनी उपद्रवी किडींचीही विषे पचवण्याची क्षमता वाढते, हेही तितकेच खरे.

माशीवरून माणसाकडे उडी मारताना मात्र थांबावे लागते. हळदीत कुरकुमिन काही टक्केच असते आणि ते आतड्यातून रक्तात फारच थोडे शोषले जाते. बेंगळुरूत १९९८ मध्ये झालेल्या अभ्यासात मिऱ्यातील पायपरिनसोबत दिल्यावर माणसाच्या शरीरातील त्याची उपलब्धता वीसपट वाढली, पण मुळात ती नगण्य होती. शिवाय प्रयोगातली माशी संयुग आणि विष मोजून-मापून खाते. तासगाव-मिरजेकडे द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर डाऊनी रोगाच्या धास्तीने फवारणीचा ब्लोअर चालवणाऱ्याच्या अंगावर आणि श्वासात किती औषध जाते, याचे माप कोणी ठेवत नाही. त्याची बरीचशी फवारणी बुरशीनाशकांची असते आणि वरचे प्रयोग त्यांवर झालेले नाहीत. त्यामुळे फवारून आल्यावर हळदीचे दूध प्यायले की भागले, असे या संशोधनाच्या आधारे म्हणता येत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. हातमोजे, मास्क, अंगभर कपडे आणि वाऱ्याची दिशा पाहून फवारणी यांना पर्याय नाही. तरीही विषबाधा झालीच, तर रुग्णाला तातडीने दवाखान्यात न्यावे आणि औषधाची बाटली किंवा तिचे लेबल डॉक्टरांना दाखवावे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या विषावर ॲट्रोपिन देता येते. पॅराक्वाटवर अजून खात्रीचा उतारा नाही.